जाताना एकतीस, येताना सहा

एकशे त्रेचाळिसाव्या ओळीशी येऊन तक्ता लाल झाला. लाल रकाने त्याला नवे नव्हते. तीस किलोमीटरच्या वरचं कुठलंही अंतर आपोआप लाल व्हावं ही सोय त्यानेच करून ठेवली होती, कारण अंतर सांगताना माणसं बेफिकीर असतात. पायी येणारा एखादा साठ लिहून जातो, गाडीतून येणारा लाजेकाजेस्तव दोन लिहितो. पण या ओळीतली चूक वेगळीच होती. कामावर जाताना एकतीस, घरी येताना सहा. साधन, दोन्ही वेळा बस. वर्षातले दिवस, दोनशे तीस. त्याला आधी हसू आलं. कामावर जायची वाट पाचपट लांब आणि घरची वाट आखूड, हे कुठल्याही सरकारी नोकराला पटण्यासारखंच होतं. समोरच्या टेबलावरच्या गाड्यांच्या कारकुनाला सांगितलं असतं तर त्याने ते दिवसभर मजल्यावर फिरवलं असतं. मग सवयीने त्याची नजर डावीकडे सरकली. तक्त्यात नावं नसत, फक्त कर्मचारी क्रमांक असे. शेवटचे चार आकडे त्याने वाचले, पुन्हा वाचले, आणि हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं, काढून ठेवायचं राहिल्यासारखं. ते आकडे तो गेली सव्वीस वर्षं लिहीत आला होता. बायकोचा रजेचा अर्ज असो, बदलीचा असो, घरात अक्षर त्याचं बरं म्हणून भरायचा त्यानेच. हा एवढा एकच फॉर्म तिने स्वतः भरला होता.

घरापासून तिची प्रयोगशाळा सहा किलोमीटर होती. पाणी शुद्ध होतं त्या केंद्राच्या आवारात, पाण्याचे नमुने तपासायचं तिचं काम. सकाळची पाळी म्हणून ती सहाला घर सोडायची. तो तेव्हा अंथरुणात असे. दाराची कडी बाहेरून ओढल्याचा आवाज ऐकून तो कूस बदलत असे. संध्याकाळी तो घरी पोचायचा तेव्हा ती आलेली असे, कणीक मळत असे किंवा कपडे घड्या घालत असे. या दोन आवाजांच्या मध्ये, कडी ओढल्यापासून परातीच्या खडखडाटापर्यंत, ती कुठे असते हे विचारायचं त्याला कधी सुचलं नव्हतं. प्रयोगशाळेत असते. आणखी कुठे असणार? पण सहा आणि एकतीस यांच्यामध्ये पंचवीस किलोमीटर होते, आणि ते कुठेतरी जात होते.

ऑफिसात त्याला आकडेमास्तर म्हणत. पाणी खात्याने वर्षभरात किती वायू हवेत सोडला, म्हणजे पृथ्वीला ऊब देणाऱ्या वायूंमध्ये खात्याची भर किती, याचा अहवाल तयार करायचं काम चार वर्षांपूर्वी वरून आलं, आणि कुणालाच नको होतं म्हणून त्याच्या टेबलावर येऊन थांबलं. त्याने ते घट्ट धरून ठेवलं. वायू कुणी पाहिलेला नसतो. मोजायचा म्हणजे तो मोजायचाच नसतो. मोटारींच्या लॉगबुकातलं डिझेल मोजायचं, पंपांच्या मीटरवरचे युनिट मोजायचे, थंड हवेच्या यंत्रांत दुरुस्तीला आलेल्या माणसाने किती गॅस भरला ते विचारायचं, कर्मचारी कशाने आणि किती लांबून येतात त्याचे फॉर्म भरून घ्यायचे, आणि प्रत्येकाला ठरवून दिलेल्या गुणकाने गुणायचं. शेवटी जो आकडा येतो तो टनांत असतो. जे दिसत नाही, ज्याला वास नाही, ते टनांत. गाड्यांचा कारकून त्याची टिंगल करी, "मास्तर, सरकारी माणूस दिवसाकाठी उसासे किती टाकतो? ते कुठल्या रकान्यात?" आणि तो गंभीरपणे सांगे की श्वास मोजणीत धरायचा नसतो, तसा नियमच आहे. त्यावर सगळे हसत. तो हसत नसे. त्याला तो नियम आवडे. श्वास मोजायचा नाही, हे कुणीतरी ठरवून दिलं होतं याचा त्याला आधार वाटे.

त्या नियमांत एक गोष्ट मात्र नव्हती, आणि ती नाही म्हणूनच बहुधा त्याला हे काम झेपत आलं होतं. जळताना हवा पुरेशी मिळाली की एक वायू तयार होतो. अपुरी मिळाली की दुसराच. पहिल्याला गुणक आहे, रकाना आहे, वार्षिक उद्दिष्ट आहे. दुसऱ्याला त्याच्या तक्त्यात जागाच नाही. तो दुसरा चार वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी त्याच्या घरातल्या न्हाणीघरात तयार झाला होता. गॅसचा गीझर होता, निळी ज्योत होती, वर भिंतीत हवेचा झरोका होता, आणि त्या झरोक्यावर थंडीच्या दिवसांत त्याने आपल्या हाताने फळी ठोकली होती. चार खिळे. लेक एकोणीस वर्षांची होती. आत गात होती. तो बाहेरच्या खोलीत इस्त्रीची वायर जोडत बसला होता आणि गाणं थांबलं ते त्याच्या लक्षात आलं नाही. आलं असेलही. पाण्याचा आवाज चालू होता. तो एकदा ओरडला, "आटप गं आता," आणि पुन्हा वायरीत डोकं घातलं. नंतर डॉक्टरांनी विचारलं की दार किती वेळ बंद होतं, तेव्हा तो म्हणाला दहा मिनिटं. एवढा आकड्यांचा माणूस. त्याने घड्याळ पाहिलं नव्हतं. दहा नव्हती. वीस असतील, पंचवीस असतील. डॉक्टरांनी दहा लिहून घेतलं, आणि कागदावर ते दहाच राहिलं. लेक वाचली. म्हणजे छातीत हवा जात-येत राहिली. आठ महिने इस्पितळात, आणि मग शहराबाहेरच्या त्या शुश्रूषा केंद्रात, जिथे तिच्यासारखी माणसं ओळीने निजवलेली असत आणि त्यांची तोंडं पुसायला मावश्या असत. तो सुरुवातीला दर रविवारी गेला. लाडाच्या नावाने हाक मारी, चेहऱ्यासमोर हात हलवी, जुनी गाणी म्हणून पाही. ती त्याच्यातून आरपार भिंतीकडे बघे. अकराव्या रविवारी परत येताना तो बसमध्ये बायकोला म्हणाला, "ती ओळखत नाही आपल्याला. जाऊन काय उपयोग? आपल्याच जिवाला त्रास." ती म्हणाली, "बरं." पुढच्या आठवड्यात तिने सांगितलं की तिला सकाळची पाळी लागली आहे.

शुश्रूषा केंद्र घरापासून सतरा किलोमीटर होतं. तिथून प्रयोगशाळा चौदा. त्याने कागदाच्या कोपऱ्यात बेरीज मांडली नाही. ती डोक्यात आधीच झाली होती. सतरा आणि चौदा. खोलीत पंखा फिरत होता, कारकून कुणाला तरी फोनवर टायरांबद्दल सांगत होता, आणि त्याच्या कानांत मात्र पाणी वाहत असल्याचा आवाज भरला होता, भिंतीपलीकडे कुणीतरी नळ सोडून विसरून गेल्यासारखा. दोनशे तीस दिवस. तीन वर्षं. आणि शिवाय चौदाने गुणायचं. हे चौदा वेगळे. खात्यात दोन हजार आठशे सत्तर माणसं, फॉर्म भरलेली दोनशे पाच. म्हणून फॉर्म भरणारा प्रत्येक जण न भरणाऱ्यांसकट चौदा जणांच्या जागी उभा राहतो. ही रीत त्याला नेहमीच सरळ वाटत आली होती. आज त्याला चौदा बायका दिसल्या. पहाटे सहाला चौदा दारांच्या कड्या बाहेरून ओढल्या गेल्या, चौदा पिशव्या, चौदा डबे, आणि चौदा घरांत चौदा पुरुष कूस बदलून झोपले.

लाल ओळ आली की त्या माणसाला फोन करून खात्री करून घ्यायची, असा नियम होता. तोही त्यानेच लिहिलेला. नियम नसता तर त्याने फोन केला नसता. संध्याकाळी घरी बोलता आलं असतं, असं कुणी म्हणेल. पण घरी त्यांनी बोलायच्या गोष्टी ठरलेल्या होत्या, आणि ही त्यांत बसत नव्हती. त्याने प्रयोगशाळेचा नंबर फिरवला. फोन तिनेच उचलला. ऑफिसातला तिचा आवाज त्याने बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. घरच्यापेक्षा तो जरा वरच्या पट्टीत होता, तरुण वाटला.

"मी बोलतोय."

"अहो, काय झालं? बरं आहे ना?"

"बरं आहे. कामाचा फोन आहे. तो प्रवासाचा फॉर्म... तुझा. जातानाचं अंतर."

तिच्या मागे काचेची भांडी एकमेकांना लागल्याचा आवाज आला.

"बरोबर आहे ते," ती म्हणाली.

"घर ते कार्यालय असं आहे. म्हणजे घरापासून..."

"प्रश्न वाचला होता मी. रोजचा नेहमीचा मार्ग लिहा, वाटेत थांबत असाल तर तेही धरून. असंच लिहिलंय. तुमचाच असणार तो प्रश्न. इतकं पाल्हाळ दुसरं कोण लावणार?" तिच्या आवाजात किंचित हसू होतं. "खाली लिहिलं होतं, माहिती फक्त मोजणीसाठी वापरली जाईल. म्हटलं, एका ठिकाणी तरी खरं लिहावं."

"सकाळची पाळी?"

"ती नव्हतीच कधी. मी साडेनऊलाच येते इथे."

त्याला पुढे विचारायचं होतं. कशी आहे. वजन उतरलं का. केस वाढले का. पण समोरून कारकून त्याच्याकडे पाहत होता, पेन कानात घालून, आणि तो म्हणाला, "ठीक आहे. पडताळणी झाली म्हणून लिहितो." ती म्हणाली, "लिहा." फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की तो तिच्याशी उभा राहून बोलत होता, साहेबांशी बोलावं तसा.

साहेबांनी जेवणानंतर बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त अठरा टक्के हवे होते. पायाभूत वर्षाच्या तुलनेत अठरा टक्के घट दाखवायची असं खात्याने लिहून दिलं होतं, पायाभूत वर्ष म्हणजे ज्याच्याशी पुढचं सगळं ताडून पाहायचं ते वर्ष, आणि ते नेमकं चार वर्षांपूर्वीचं होतं. अहवाल आजच सहीला जायचा होता. घटीत सहा टन कमी पडत होते.

"सहा टन म्हणजे काय हो मास्तर, हत्तीच्या शेपटीचा केस," साहेब म्हणाले. "कुठेतरी चूक असेल. शोधा."

"लॉगबुकं दोनदा पाहिलीत साहेब. विजेचंही पाहिलं."

"आणि हे कर्मचाऱ्यांचं? लोक वाट्टेल ते लिहितात. हे बघा, ही लाल ओळ. जाताना एकतीस, येताना सहा. आता ही चूक नाही तर काय? कोण आहे हा कर्मचारी?"

"प्रयोगशाळेतल्या एक बाई आहेत," तो म्हणाला.

हे वाक्य त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं. दुसरं कुणी बोलावं तसं ते खोलीत पडलं आणि कुणी उचललं नाही. आपल्याला सांगता आलं असतं, हे त्याला त्याच क्षणी कळत होतं. साहेबांनी माफीही मागितली असती, चहा मागवला असता. पण सांगायचं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि त्याचं पहिलं वाक्य कुठलं असतं?

"बाईंना विचारलंत?"

"विचारलं."

"मग? घर ते प्रयोगशाळा किती?"

"सहा."

"मग सहा घाला ना. आकडा फुगवायचा नाही तसा चुकीचाही ठेवायचा नाही. तुम्हीच सांगता."

तो टेबलाशी परत आला. एकतीस पुसून सहा घालायला एक क्षण लागला. पंचवीस किलोमीटर, दोनशे तीस दिवस, एका प्रवाशामागे बसचा गुणक, आणि वर चौदा. खालच्या बेरजेतून सहा टन आणि चारशे चाळीस किलो गळून पडले, आणि टक्क्यांच्या रकान्यात अठरा उमटले. शेरा लिहिल्याशिवाय तक्ता बंद होत नसे. त्याने शेऱ्यात लिहिलं: दूरध्वनीवरून पडताळणी केली, नोंदीत चूक आढळली, दुरुस्त केली. आपलं अक्षर बरं आहे असं घरात म्हणत, पण इथे अक्षराचा प्रश्न नव्हता, इथे कळा दाबायच्या होत्या. कुणाच्याही बोटांनी हीच वाक्यं उमटली असती. चार वाजता साहेबांनी सही केली, शिपाई फाईल घेऊन वर गेला, आणि साहेब जाता जाता त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "बघा, गणित जमलं." तो जिन्यापाशी जाऊन उभा राहिला. ज्या बाईने तीन वर्षांत एकदाच खरं सांगितलं, तेही त्याला नव्हे, एका छापील फॉर्मला, तिचं ते खरं त्याने पुसलं होतं, आणि पुसलं याची नोंदही चूक दुरुस्त केली अशी ठेवली होती. दहा मिनिटं, त्याला आठवलं. डॉक्टरांनीही मान डोलावून लिहून घेतलं होतं.

घरी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तो बूट काढून खुर्चीवर बसला आणि तिच्या हातांकडे पाहत राहिला. उशीचा अभ्रा, टॉवेल, त्याचा सदरा. मग खालून तिने एक लहानसं, मऊ, गळ्याशी दोन बंद असलेलं कापड काढलं, जेवताना बांधतात तसं, आणि ते लपवलं नाही. नेहमी ती ते लपवत असणार. आज तिने ते इतर कपड्यांवर सरळ ठेवलं आणि वरून हात फिरवला.

"माझा फॉर्म पाठवलात?" तिने विचारलं.

"पाठवला."

"एकतीसच?"

खोटं बोलायची ही शेवटची सोपी जागा होती. "नाही," तो म्हणाला. "सहा केले. साहेबांना..."

"बरं," ती म्हणाली. तेच बरं, बसमधलं. त्यात राग असता तर त्याने तो पकडला असता, त्याला लोंबकळला असता. ती कपडे उचलून आत गेली आणि तिथून म्हणाली, "ताट करू का?" तो जेवला. दोघांनी वाढून घेतलं, पाणी पुढे केलं, मीठ मागितलं. घशाखाली घास जात होता आणि प्रत्येक घासाला त्याला नवल वाटत होतं की तो जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडी वाजण्याच्या आधी तो दारात बूट घालून उभा होता. ती न्हाऊन आली, पिशवी घेतली, त्याला पाहिलं आणि थांबली. "कुठे?" असं तिने विचारलं नाही. पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाली, "स्वेटर घाला. बसच्या काचा नीट लागत नाहीत." बसमध्ये बहुतेक कामवाल्या बाया होत्या, दोन पहारेकरी होते रात्रपाळी संपवून पेंगणारे. कंडक्टरने तिला तिकीट विचारलंच नाही, फाडून हातात ठेवलं, आणि त्याच्याकडे पाहून म्हणाला, "आज दोन?" ती म्हणाली, "दोन." आपल्या बायकोला ओळखणारी एवढी माणसं जगात आहेत हे त्याला माहीत नव्हतं. पुढच्या बाकावरच्या बाईने वळून तिला विचारलं की पोरीचा खोकला कसा आहे. त्याला तर खोकलाही माहीत नव्हता.

बरंच पुढे गेल्यावर, शहराची घरं विरळ झाल्यावर, त्याने तो विषय काढला. खिडकीबाहेर पाहत, तिच्याकडे न पाहता.

"मला वाटायचं, तुला माझं तोंड बघवत नसेल. त्या फळीनंतर."

"फळी मी सांगितली होती," ती म्हणाली.

त्याला वाटलं बसच्या आवाजात चुकीचं ऐकलं.

"थंडी होती. वारा लागतो पोरीला, फळी मारा असं मीच म्हटलं होतं. तुम्ही दोनदा टाळलंत. हवा लागते म्हणालात. तिसऱ्यांदा मी चिडले, तेव्हा मारलीत." ती हे बोलताना पिशवीचे बंद सरळ करत होती. "तुम्ही विसरलात. मला वाटलं, विसरलात तर बरंच आहे. मग वाटलं, विसरला नसाल, नुसते बोलत नसाल. चार वर्षं मला कळलंच नाही यातलं काय आहे ते."

त्याने आठवायचा प्रयत्न केला. खिळे आठवले, हातोडी आठवली, स्टूल हलत होतं ते आठवलं. स्टूल कुणीतरी खालून धरलं होतं. ते हात तिचे असणार. तिचा आवाज मात्र कुठेच सापडेना. आपण सुटलो असं त्याला वाटायला हवं होतं, निदान अर्धे तरी. तसं काही वाटलं नाही. चार वर्षं या जगात जी एकच गोष्ट पूर्णपणे त्याची होती, जी कुणाला न दाखवता त्याने उराशी धरली होती, तीही अर्धी दुसऱ्याची निघाली. आणि तो ती कवटाळून बसला असताना हिने आपला वाटा रोज सकाळी पिशवीत घालून सतरा किलोमीटर वाहून नेला होता.

केंद्राच्या फाटकाशी पहारेकऱ्याने लेकीच्या नावाची वही पुढे केली. तारीख, भेटणाऱ्याचं नाव, रुग्णाशी नातं, वेळ. ती सही करून आत गेली. तिला उशीर चालत नसे. तो वही घेऊन उभा राहिला आणि पानं मागे उलटत गेला. प्रत्येक तारखेला तिची सही होती. नात्याच्या रकान्यात आई. त्याखाली आई. तिचं अक्षर मुळीच वाईट नव्हतं, गोल, जरा उजवीकडे कललेलं, आणि ओळीमागून ओळ ते आई, आई लिहीत गेलं होतं. दर सात दिवसांनी एकेक तारीख सुटलेली होती. ते रविवार. रविवारी तो घरी असे.

"साहेब, लिहिता ना?" पहारेकरी म्हणाला.

त्याने नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यापाशी हात थांबला, मग त्याने वडील लिहिलं. पहारेकऱ्याने वही वळवून घेऊन वाचलं, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई म्हणत होत्या, तुम्ही कामात असता."

लेकीची खाट खिडकीजवळ होती. केस कापून बारीक केलेले होते. चेहरा भरला होता, आणि तो आता एकोणीस वर्षांच्या मुलीचा राहिला नव्हता. तिच्यावरून चार वर्षं गेली होती, ती तिला माहीत असोत वा नसोत. बायकोने गळ्याशी ते कापड बांधलं होतं आणि वाटीत दूध घालून केळं कुस्करत होती. तो पायथ्याशी उभा राहिला. हाक मारावी का हे त्याला कळेना. शेवटी त्याने लाडाचं नाव घेतलं, हळू, आणि लेकीचे डोळे भिंतीवरून हलले नाहीत. शेजारच्या खाटेची चादर बदलणारी मावशी म्हणाली, "तिला नाही कळत हो. बाईंना पण नाही ओळखत."

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही.

"तुलाही ओळखत नाही, हे माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग रोज कशाला येतेस?"

"ती खाते," ती म्हणाली. "मावशींना दहा जणांचं करावं लागतं, त्या घाईत भरवतात, मग तिला ठसका लागतो. माझ्याकडून सावकाश खाते." तिने दोन चमचे भरवले, हनुवटी पुसली, मग उठून वाटी त्याच्या हातात दिली. "बसा. मी पाण्याचं बघून येते. अर्धाच चमचा घ्या. खालच्या ओठाला लावलात की उघडते."

तो बसला. त्याने चमचा अर्धाच भरला. खालच्या ओठाला चमचा लागला आणि तोंड उघडलं. त्याने चमचा आत सोडला. ओठ मिटले, गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. त्याच्यासाठी उघडलं नव्हतं, हे त्याला नीट कळत होतं. चमच्यासाठी उघडलं होतं, तिथे कुणाचाही हात चालला असता. त्याने दुसरा दिला. तिसरा. त्याला काहीतरी बोलायचं होतं, दहा मिनिटं नव्हती गं असं काहीतरी, पण मावशी चादर झटकत होती आणि लेक गिळत होती, आणि गिळत असलेल्या माणसाशी बोलू नये असं त्याला वाटलं. बायको तांब्या घेऊन परत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. बाहेर रस्त्यावर बस थांबल्याचा आणि थोड्या वेळाने सुटल्याचा आवाज आला. ती तिची बस होती. ती हलली नाही.

"घाई नका करू," ती एवढंच म्हणाली. "गिळू द्या."

वाटी संपली. त्याने कडेला लागलेलं खरवडून शेवटचा चमचा दिला, आणि आता काय करायचं म्हणून बायकोकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले होते, उभ्या उभ्या, भिंतीला डोकं टेकून. तो पुन्हा लेकीकडे वळला. ओठांवर दुधाची रेघ होती, डोळे भिंतीवर होते, आणि तिने तोंड उघडलं होतं. वाटीत काही नव्हतं. तोंड उघडंच राहिलं. त्याने थोडा वेळ वाट पाहिली, मग रिकामा चमचाच पुढे केला.